झीज आणि तिची परीक्षा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला आणि मी 'वंगण व झीज' असे सांगितले, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "आदल्या दिवशी काव्यावर व्याख्यान आहे, दुसऱ्या दिवशी इतिहासावर. मध्येच हे जरा कोरडे नाही का व्हायचे?" मी म्हटले, "साहेब, वंगणावरचे व्याख्यान कोरडे झाले तर तो दोष वंगणाचा नव्हे, वक्त्याचा." तेव्हा ही जबाबदारी अंगावर घेऊन मी आपल्यापुढे उभा आहे.

प्रारंभ घरातूनच करतो. माझ्या लहानपणी आमच्या घरी जाते होते. दळून दळून त्याच्या दगडाची तोंडे गुळगुळीत झाली की पीठ जाडे पडू लागे, आणि मग दारावरून जाणाऱ्या पाथरवटाला बोलावून जात्याला टाकी लावून घ्यावी लागे. एकदा मी आजीला विचारले, "आजी, मागच्या वेळी पाडलेले खड्डे गेले कोठे?" आजी हातातले काम न थांबवता म्हणाली, "भाकरीत गेले, बाळा. दुसरीकडे कोठे जाणार?" पुढे मी यंत्रशास्त्र शिकलो, तंत्रनिकेतनात पुष्कळ वर्षे शिकविले, परंतु झिजलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कोठेतरी जाते, हा धडा मला आजीनेच प्रथम दिला. तो आपणही ध्यानात ठेवावा. शेवटी त्याचे काम पडणार आहे.

घर्षण आणि झीज यांत आपण नेहमी एक गल्लत करतो. जे गुळगुळीत सरकते ते कमी झिजत असणार, असे आपल्याला वाटते. आता मला सांगा, न्हाणीघरात सर्वांत निसरडी वस्तू कोणती? साबणाची वडी. आणि सर्वांत लवकर झिजणारी कोणती? तीच! शिसपेन्सिल कागदावरून सुळकन सरकते, आणि झिजते म्हणूनच तर ती लिहिते. उलट मोटारीच्या ब्रेकला घर्षण भरपूर हवे असते, झीज मात्र नको असते. दोन्ही गोष्टी एकाच घरात राहतात खऱ्या, पण त्या एक नव्हेत. शिवाय घर्षण हाताला तत्काळ कळते. झीज कळायला मात्र काळ जावा लागतो, आणि कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. वर्षांची झीज दिवसांत दिसावी म्हणून माणसाला निराळी यंत्रे करावी लागली, ती याच कारणाने.

मुळात झीज होते कशी? आरशासारखे घासलेले पोलादही सूक्ष्म दृष्टीने पाहिले तर उंचसखलच असते. स्वयंपाकघरातल्या दोन किसण्या एकमेकींवर पालथ्या ठेवा. त्या फक्त टोकाटोकांनी टेकतील. धातूचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवले असता तेही असेच टेकतात. केंब्रिजच्या बाउडेन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी एका धातूतून दुसऱ्यात वीज किती सहज जाते हे मोजून दाखवून दिले की, खरा स्पर्श डोळ्यांना दिसणाऱ्या क्षेत्राच्या अगदी अल्पशा अंशावर असतो. सगळा भार त्या टोकांवर येतो, ती चेपतात, एकमेकांना चिकटतात, आणि सरकताना तुटतात. तुटलेला कण म्हणजेच झीज. १९५३ साली आर्चर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने याचे साधे गणित मांडले. भार जितका जास्त व सरकण्याचे अंतर जितके जास्त, तितकी झीज जास्त. वस्तू जितकी कठीण, तितकी ती कमी. परंतु या गणितात एक गुणक असा आहे की तो कागदावर काढता येत नाही. तो प्रत्येक जोडीसाठी, प्रत्येक वंगणासाठी, प्रत्यक्ष घासूनच काढावा लागतो. प्रयोगशाळांचा सारा खटाटोप या एका आकड्यासाठी चालतो म्हटले तरी चालेल.

वंगणाचे काम म्हणजे ही टोके एकमेकांपासून दूर ठेवणे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्याला हे हजारो वर्षे ठाऊक होते. पण तेल आत नेमके काय करते हे कळले ते जवळजवळ अपघाताने. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. वरून तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले! त्याने बुचाने भोक बंद केले, बूच उडाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर आली. तेव्हा त्याने तेथे दाबमापक बसविला, तर काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पलीकडे गेला. आसावर भार मात्र सरासरीने १०० पौंडांचाच होता. म्हणजे फिरता आस स्वतःच तेल ओढून घेत होता, त्याची पाचर बनवीत होता आणि त्या पाचरीवर तरंगत होता. १८८६ साली ऑस्बर्न रेनल्ड्स याने त्याचे गणित सिद्ध केले.

हे तरंगणे चालू असेपर्यंत धातूला धातू लागतच नाही, आणि झीजही जवळजवळ होत नाही. अडचण येते ती यंत्र सुरू होताना, थांबताना, गती मंद आणि भार फार असताना. त्या वेळी तेलाची पाचर मोडते, आणि धातूच्या अंगाला रेणूभर जाडीचा जो लेप चिकटलेला असेल त्याच्यावरच सगळी भिस्त राहते. तेल दाट आहे की पातळ, हे बोटाने चोळून आपण सांगू. परंतु हा लेप आहे की नाही हे कोणाचेही बोट सांगू शकत नाही. गॅरेजमधले आमचे उस्तादसुद्धा नाही, मग ते कितीही मिशीवर ताव देवोत.

याकरिता जी यंत्रे निघाली त्यांतले एक मला फार आवडते, कारण ते कोणालाही समजते. तीन लिंबे एकमेकांना चिकटवून ठेवा आणि त्यांच्या मधल्या खळगीत चौथे लिंबू ठेवा. लिंबांच्या जागी पोलादाच्या अर्ध्या इंची गोळ्या घ्या. खालच्या तीन एका वाटीत घट्ट आवळलेल्या, वाटीत परीक्षेचे तेल, आणि वरची चौथी गोळी भाराखाली गरगर फिरणारी. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे काम करणाऱ्या बूर्लाखे याने १९३३ साली हे यंत्र प्रसिद्ध केले, आणि आजही तेलाची प्रयोगशाळा म्हटली की ते तेथे असतेच. झिजेची परीक्षा घ्यायची तेव्हा तेल ७५ अंश सेल्सिअसवर ठेवतात, ४० किलोचा भार देतात, आणि मिनिटाला १,२०० फेऱ्यांनी चौथी गोळी एक तास फिरवितात. मग खालच्या तिन्ही गोळ्या पुसून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. प्रत्येकीवर एक चकचकीत वाटोळा वण पडलेला असतो. तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान असला तर परीक्षक मान डोलावतो. एका मिलिमीटरकडे सरकला तर कपाळाला आठी पडते. एवढ्याशा वणासाठी ७२,००० फेऱ्या!

याच यंत्राची दुसरी परीक्षा अधिक कठोर आहे. तीत वेळ फक्त दहा सेकंद, पण भार दर खेपेस वाढवीत न्यायचा आणि गोळ्या प्रत्येक वेळी नव्या घ्यायच्या. शेवटी एक क्षण असा येतो की किंकाळी फोडल्यासारखा आवाज होतो आणि चारही गोळ्या वितळून एकमेकींना जोडल्या जातात. साधे खनिज तेल दीडशे किलोंच्या आसपास हार खाते. गंधक आणि स्फुरद यांची संयुगे मिसळलेले गिअरचे तेल अडीचशे, चारशे किलोंपर्यंत टिकाव धरते, कारण ती संयुगे उष्णता लागताच पोलादाशी संयोग पावून त्याच्यावर संरक्षक थर चढवितात.

आता एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका औद्योगिक प्रदर्शनात गेलो होतो. एका गाळ्यापुढे गर्दी होती. गोल फिरणाऱ्या पोलादी कड्यावर एक तरफ दाबून धरायची, असे एक लहानसे यंत्र तेथे होते. विक्रेत्याने साधे इंजिन ऑइल घालून तरफ दाबली. यंत्र कर्कशपणे ओरडून थांबले. मग त्याने आपल्या बाटलीतले चार थेंब टाकले. आता माणूस तरफेला लोंबकळला तरी यंत्र थांबेना. लोकांनी टाळ्या वाजविल्या. माझा एक जुना विद्यार्थी, जो आता स्वतःचे गॅरेज चालवितो, शेजारी उभा होता. खिशात हात घालीत तो म्हणाला, "सर, घेऊन टाकू का दोन बाटल्या?" मी म्हटले, "अरे, त्या बाटलीऐवजी केस धुण्याचा शाम्पू टाकून बघ. तोही बहुधा पास होईल. म्हणून काय तू इंजिनात शाम्पू घालणार?"

त्यात जादू काहीच नव्हती. प्रचंड दाबाखाली क्षणभर टिकायचे, एवढी एकच गोष्ट ते यंत्र विचारीत होते. क्लोरीनयुक्त द्रव्य तेथे सहज उत्तीर्ण होते. परंतु इंजिनातल्या उष्णतेने आणि ओलाव्याने त्याचेच आम्ल बनून ते बेअरिंगला खाऊ शकते. गिअरच्या तेलाचेही तसेच. चार गोळ्यांच्या परीक्षेत पहिला आलेला गंधकाचा कडक मसाला काशाच्या चाकावर घाला, तो ते चाक काळे करून कुरतडील, कारण परीक्षेतल्या चारही गोळ्या पोलादाच्या होत्या, काशाला कोणी काही विचारलेच नव्हते! माझा तो विद्यार्थी त्या दिवशी बाटली न घेता परतला. विक्रेत्याने मात्र माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले ती मी अजून विसरलो नाही.

न विचारलेल्या प्रश्नाने एका सबंध देशाला कसे अडचणीत आणले, तेही ऐका. डीझेलमधले गंधक जळून हवा बिघडविते म्हणून स्वीडनने १९९१ च्या सुमारास जवळजवळ गंधकविरहित डीझेल बाजारात आणले. हेतू उत्तम होता. पण थोड्याच काळात गाड्यांचे इंधन-पंप झिजून निकामी होऊ लागले. या पंपांना निराळे वंगण नसते. त्यातून वाहणारे डीझेलच त्यांचे वंगण. गंधक काढण्यासाठी तेलावर हायड्रोजनची जी प्रक्रिया केली तिने गंधकाबरोबर आणखीही काही द्रव्ये अल्प प्रमाणात काढून टाकली होती, आणि धातूवर लेप धरण्याचे काम नेमकी तीच करीत होती. ती तेलात आहेत याची कोणी दखलच घेतली नव्हती, कारण तोवर त्यांची उणीव कधी भासलीच नव्हती.

मग परीक्षा आली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तयार झालेल्या एका यंत्रात सहा मिलिमीटरची गोळी डीझेलमध्ये बुडालेल्या चकतीवर पुढेमागे घासतात. हेलकावा एक मिलिमीटरचा, सेकंदाला ५०, भार फक्त २०० ग्रॅम, उष्णता ६० अंश, वेळ ७५ मिनिटे. म्हणजे सव्वादोन लाख हेलकावे. गोळीवर पडलेला वण ४६० मायक्रॉनांहून मोठा असता कामा नये. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात दशलक्ष भागांत दहा भागांहून अधिक गंधक नसलेले डीझेल मिळू लागले. तरी आपल्या एस.टी.चे आणि ट्रॅक्टरचे पंप स्वीडनसारखे कुरकुरले नाहीत, याचे श्रेय त्या ४६० मायक्रॉनांच्या अटीला आहे. ती पुरी करण्यासाठी तेलात वंगणद्रव्य चिमूटभर मिसळावे लागते. गंमत अशी की, वनस्पतितेलापासून केलेल्या बायोडीझेलचे शंभरात एकदोन भाग मिसळले तरी काम भागते. शेवटी पुन्हा तेलबियाच!

एथवर पोलादाची कथा झाली. आता आपण यंत्रशाळेतून रुग्णालयात जाऊ. माणसाच्या मांडीचे हाड जेथे कमरेला मिळते तो खुब्याचा सांधा म्हणजेही एक बेअरिंगच. मराठीत त्याला उखळीचा सांधा म्हणतात, आणि याहून चांगले नाव मला सुचत नाही. येथे बसलेल्यांपैकी काहींच्या शरीरात आज कृत्रिम उखळ असेल, आणि ते त्या आधारे जिना चढून या सभागृहात आले असतील. त्यांच्या त्या उखळीची ही पूर्वकथा आहे.

जॉन चार्नली हा इंग्लंडच्या लँकशायर परगण्यातला शल्यचिकित्सक. राइटिंग्टनच्या रुग्णालयात तो काम करी. त्या काळी बसविलेल्या कृत्रिम सांध्यांपैकी काही चक्क करकर वाजत. ती करकर म्हणजे घर्षण, हे चार्नलीने ओळखले. निरोगी सांध्यातली कूर्चा बर्फाहूनही निसरडी असते असे त्याला प्रयोगांत आढळले. तेव्हा त्याने ठरविले की, उखळीसाठी जगातला सर्वांत निसरडा पदार्थ घ्यायचा. तो तयारच होता: टेफ्लॉन. हल्ली आपल्या तव्यावर असतो तोच. १९५८ च्या सुमारास त्याने टेफ्लॉनची वाटी व पोलादाचा गोळा वापरून शस्त्रक्रिया सुरू केल्या, आणि परिणाम विलक्षण झाला. वर्षानुवर्षे वेदनेने पिचलेली माणसे काठी टाकून चालू लागली. अशा सुमारे तीनशे रोग्यांना त्याने सांधे बसविले.

आणि दोनतीन वर्षांत ते सांधे ढासळू लागले. पोलादाचा गोळा टेफ्लॉनच्या वाटीत रुतत चालला होता. साबणाची वडी आठवते ना? निसरडेपणाच्या परीक्षेत पहिला आलेला पदार्थ झिजेच्या परीक्षेत अगदी शेवटचा निघाला. पण वाटी झिजली एवढ्यावर भागले नाही. झिजलेले टेफ्लॉन गेले कोठे? ते सांध्याभोवतीच्या मांसात साचले, शरीराने त्या कणांवर हल्ला चढविला, गाठी झाल्या, आणि हाडही खाल्ले गेले. आजीच्या भाकरीत गेलेला दगड पोटातून निघून जात असेल. या भुकटीला मात्र बाहेर पडायला वाट नव्हती. हे कण खरोखरच अपायकारक आहेत का, हे पाहण्यासाठी चार्नलीने टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत टोचून घेतले, आणि तेथे उठलेल्या गाठींची हकीगत १९६३ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आपली चूक अशा रीतीने स्वतःच्या देहावर तपासून पाहणारा माणूस विरळा.

दरम्यान त्याच्या कार्यशाळेत हॅरी क्रेव्हन नावाचा तंत्रज्ञ होता. निरनिराळे पदार्थ पोलादाखाली रात्रंदिवस घासत ठेवणारे एक यंत्र त्याने तयार केले होते. १९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता एक पांढुरका तुकडा घेऊन आला. तो अतिदीर्घ रेणूंच्या पॉलिथिनचा होता, आणि लँकशायरच्या मागांवर त्याची दातेरी चाके वापरीत. चार्नलीने नखाने तो टोकरून पाहिला आणि बाजूला सारला. टेफ्लॉनइतका निसरडा तो नव्हताच. पुढे चार्नली परदेशी गेला असता क्रेव्हनने तो तुकडा मुकाट्याने यंत्राला लावला. तीन आठवडे यंत्र चालले. तीन आठवड्यांत त्या पॉलिथिनची जितकी झीज झाली, त्याहून जास्त टेफ्लॉनची एका दिवसात होत असे! परत आल्यावर चार्नलीने आकडे पाहिले आणि तो तेथेच थांबला. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॉलिथिनची पहिली वाटी रोग्याला बसविली गेली. साठ वर्षे होऊन गेली, जगभर लक्षावधी माणसे त्याच जातीच्या पदार्थावर चालत आहेत.

क्रेव्हनचे यंत्र चार वर्षे आधी असते तर ते तीनशे रोगी वाचले असते, असे म्हणण्याचा मोह होतो. माझे मत इतके सरळ नाही. कारण चार्नलीने मधल्या काळात भराव मिसळून कठीण केलेले टेफ्लॉनही वापरून पाहिले होते. प्रयोगशाळेत ते साध्या टेफ्लॉनहून कितीतरी पटींनी टिकाऊ ठरले. शरीरात मात्र ते तसेच झिजले, शिवाय घासकागदासारखे पोलादाच्या गोळ्यालाही ओरखडू लागले. एका पदार्थाबाबत यंत्र खरे बोलले, दुसऱ्याबाबत खोटे. खोटे म्हणणेही अन्यायाचे. त्याला विचारले तेवढेच त्याने सांगितले.

याचा उलगडा व्हायला आणखी तीस वर्षे लागली. पॉलिथिनचा तुकडा पोलादावर एकाच रेषेत पुढेमागे घासला तर त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या त्या दिशेने विंचरल्या जातात आणि तो जवळजवळ झिजेनासा होतो. परंतु माणूस चालताना खुबा नुसता पुढेमागे जात नाही; तो वळतो, कलतो, त्याच्या वाटा एकमेकींना छेदतात. विंचरलेल्या केसांत आडवा कंगवा घातला म्हणजे जे होते तेच रेणूंचे होते. साखळ्या तुटतात आणि कण सुटतात. शिवाय यंत्रात पाणी घालून भागत नाही. पाण्यात पॉलिथिनचा लेप गोळ्यावर बसून झिजेचे रूपच पालटते. शरीरातल्या प्रथिनयुक्त द्रवात तसे होत नाही.

म्हणून आजच्या प्रयोगशाळेत खुब्याच्या वाट्या वासराच्या रक्तद्रवात बुडवून, देहाच्या उष्णतेवर, चालीप्रमाणे तिन्ही अंगांनी वळवीत घासतात. सेकंदाला एक पाऊल. दहा लाख पावले म्हणजे माणसाची साधारण वर्षाची चाल, आणि ती यंत्रात सुमारे बारा दिवसांत पुरी होते. अशी पन्नास लाख पावले चालवितात. पाच लाखांवर, दहा लाखांवर आणि पुढे दर दहा लाखांवर यंत्र थांबवून वाटी धुतात, वाळवितात, तराजूत घालतात. शेजारी तशीच दुसरी वाटी भाराखाली पण न वळविता त्याच द्रवात ठेवलेली असते. वाटी थोडा द्रव पिऊन जड होते, ते वजन वजा करण्यासाठी ही दुसरी वाटी लागते. आणि वापरून झालेला तो गढूळ द्रव हल्ली फेकून देत नाहीत. त्यातली प्रथिने विरघळवून तो अतिशय बारीक गाळणीतून गाळतात, आणि गाळणीवर राहिलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून पाहतात.